ओरखडा जातो कुठे?

गाडीच्या दारावर ओरखडा पडलेला असतो. त्यावर टूथपेस्ट चोळतात, ओल्या फडक्याने पुसतात आणि ओरखडा गायब होतो. हा व्हिडिओ तुमच्याकडेही कधीतरी आलाच असेल. कुणी टूथपेस्टऐवजी खोबरेल तेल लावतं, कुणी गंजलेले नट सोडवायचा स्प्रे मारतं. यातल्या बऱ्याच व्हिडिओंत फसवाफसवी नसते, ओरखडा खरोखरच दिसेनासा होतो. पण गाडी धुतली की तेल लावलेला ओरखडा परत उगवतो. टूथपेस्टने घासलेला कधी परत दिसतो, कधी नाही. असं का होतं याचं उत्तर रंगापेक्षा प्रकाशात जास्त दडलेलं आहे, आणि म्हणूनच मला हा विषय इतका आवडतो.

मोटारीचा रंग एका थराचा नसतो. पत्र्यावर आधी फॉस्फेटचा लेप बसतो. मग गाडीचा अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने सुमारे २० मायक्रॉनचा गंजरोधक थर चढवतात. त्यावर प्रायमर, मग रंग देणारा बेस कोट आणि सगळ्यांत वर ४०-५० मायक्रॉनचा पारदर्शक क्लिअर कोट. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना दिसणारा ‘रंग’ म्हणजे बेस कोट, तो साधारण १५ मायक्रॉनचाच. गाडीवरचे बहुतेक बारीक ओरखडे क्लिअर कोटच्या वरच्या काही मायक्रॉनमध्येच संपतात, रंगापर्यंत पोहोचतसुद्धा नाहीत.

मग पारदर्शक थरातला चर पांढरा का दिसतो?

प्रकाश एखाद्या माध्यमात शिरताना किती वळतो ते सांगणारा आकडा म्हणजे अपवर्तनांक. हवेचा अपवर्तनांक १, क्लिअर कोटचा साधारण १.५. या फरकामुळे समोरून पडलेल्या प्रकाशातला सुमारे ४ टक्के भाग आत न शिरता पृष्ठभागावरूनच मागे फिरतो. पृष्ठभाग सपाट असेल तर हे ४ टक्के एकाच दिशेने जातात, त्यालाच आपण चमक म्हणतो. चराच्या भिंती मात्र वेड्यावाकड्या असतात. तिथून हाच प्रकाश भलत्याच दिशांना फेकला जातो. रंगद्रव्याला न शिवताच तो परतलेला असल्याने त्यात सगळे रंग सारखेच मिसळलेले असतात, म्हणून तो पांढरा.

आता त्या ओरखड्यावर पाणी शिंपडून बघा. पाण्याचा अपवर्तनांक १.३३. चर पाण्याने भरला की क्लिअर कोट आणि त्याला लागून असलेलं माध्यम यांतला फरक घटतो आणि चराच्या भिंतींवरून होणारं परावर्तन ४ टक्क्यांवरून ०.४ टक्क्यांच्याही खाली येतं. खोबरेल तेलाचा अपवर्तनांक १.४५ च्या आसपास, म्हणजे क्लिअर कोटच्या आणखी जवळ. परावर्तन जवळपास संपतंच. चर तिथेच असतो, प्रकाशाला तो जाणवत नाही इतकंच. गाडीला लावायचं मेणही हेच काम करतं, फक्त तेलापेक्षा जास्त दिवस टिकतं. यातून एक फुकटची चाचणीही मिळते. पाण्याने ओरखडा पूर्ण नाहीसा झाला तर तो बहुधा क्लिअर कोटमध्येच आहे. पाण्याखालीही रेघ दिसत राहिली आणि नख त्यात अडकलं, तर तो खोल गेला आहे.

आता माझ्या सगळ्यांत लाडक्या भागाकडे येऊ. काळी गाडी उन्हात उभी असली की तिच्या बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी वर्तुळं दिसतात. गोल गोल पुसल्यामुळे ती उमटली, असं बहुतेकांना वाटतं. पण तसं असतं तर वर्तुळं एका जागी राहिली असती. तुम्ही दोन पावलं बाजूला सरका: प्रतिबिंब सरकतं आणि सगळी वर्तुळंही त्याच्यासोबत सरकतात!

खरं तर तिथे वर्तुळं नसतातच. असतात ते हजारो छोटे, जवळपास सरळ ओरखडे, सगळ्या दिशांना विखुरलेले. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक लांबट बारीक चर. असा चर प्रकाश सगळीकडे सारखा उधळत नाही. त्याच्या भिंतींचा उतार लांबीच्या आडव्या दिशेने असतो, त्यामुळे प्रकाशही त्याच आडव्या दिशेने पंख्यासारखा पसरतो. लांबीच्या दिशेने तो जवळजवळ पसरतच नाही. आता बॉनेटवरच्या एका बिंदूचा विचार करा. त्या बिंदूपासून सूर्याच्या प्रतिबिंबापर्यंत मनातल्या मनात एक रेघ ओढा. त्या बिंदूवरचा प्रकाश तुमच्या डोळ्यांत यायचा तर तो या रेघेच्या दिशेने वळायला हवा. हे काम फक्त त्या रेघेला काटकोनात असलेला ओरखडाच करू शकतो. बाकीच्या ओरखड्यांचा प्रकाश दुसरीकडे जातो, ते त्या क्षणी अदृश्य असतात. प्रतिबिंबाभोवतीच्या प्रत्येक बिंदूला हाच नियम लावला की चमकणारे तुकडे नेमके वर्तुळाच्या स्पर्शरेषेसारखे मांडले जातात. वर्तुळ घडवतो तो प्रकाशाचा स्रोत आणि आपला डोळा. घासून घासून जुन्या झालेल्या स्टीलच्या ताटात दिव्याभोवती हीच वर्तुळं दिसतात. आज जेवताना ताट हलवून बघाच.

पांढऱ्या गाडीवरही ओरखडे तितकेच असतात. पण पांढरा बेस कोट स्वतःच सगळ्या दिशांना भरपूर प्रकाश उधळतो, त्यात ओरखड्याचा थोडासा उजेड हरवून जातो. काळा बेस कोट जवळपास सगळा प्रकाश गिळतो, त्यामुळे वरचा प्रत्येक ओरखडा उघडा पडतो.

गॅरेजमध्ये ‘रबिंग-पॉलिश’ करतात तेव्हा ओरखडा भरत नाहीत. त्याच्या आजूबाजूचा क्लिअर कोट घासून चराच्या तळापर्यंत खाली आणतात. म्हणजे ओरखडा घालवायला आणखी ओरखडेच काढतात, फक्त इतके बारीक की प्रकाशाला ते खडबडीत वाटू नयेत. किती बारीक? याचं उत्तर ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या निकषात मिळतं. समोरून पडणाऱ्या प्रकाशासाठी पृष्ठभागावरचे चढउतार तरंगलांबीच्या एक अष्टमांशापेक्षा कमी असले तर तो पृष्ठभाग गुळगुळीत मानायचा. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ०.५५ मायक्रॉन, म्हणजे मर्यादा आली ०.०७ मायक्रॉनच्या आसपास. २००० नंबरच्या पॉलिश पेपरचे कण सरासरी १० मायक्रॉनचे असतात. त्याने घासलेला भाग धुरकट दिसतो तो यामुळेच, आणि त्यानंतर ॲल्युमिनियम ऑक्साइडची अधिकाधिक बारीक पॉलिश एकामागून एक वापरावी लागतात. टूथपेस्टमध्येही कॅल्शियम कार्बोनेट किंवा सिलिकाचे घासणारे कण असतात, त्यामुळे अगदी उथळ ओरखडा तिने जाऊही शकतो. पण ते कण दातांसाठी निवडलेले आहेत. क्लिअर कोटवर ते काय करतील याची हमी कुणी दिलेली नाही.

दर रबिंगला क्लिअर कोटचे काही मायक्रॉन कायमचे जातात. अतिनील किरण शोषणारी रसायनं याच थरात असतात. चमक हवी म्हणून वरचेवर मशीन फिरवणाऱ्यांच्या गाड्यांचं छत पुढे उन्हाने पापुद्रे सुटून पांढुरकं पडू शकतं.

‘९एच’ सिरॅमिक कोटिंगची जाहिरात करणारे काही जण हिऱ्याच्या जवळची कठीणता असल्याचा आव आणतात. हा ९एच पेन्सिलीचा आहे. वेगवेगळ्या कठीणतेच्या पेन्सिली रंगावर दाबून ढकलतात आणि कुठल्या पेन्सिलीने खूण उमटते ते पाहतात. ज्यात हिरा १० वर असतो ते खनिजांच्या कठीणतेचं मोस मापन वेगळं आणि त्याचा याच्याशी काही संबंध नाही. धुळीतल्या गारगोटीची कठीणता मोस मापनावर ७ आहे. ती ९एच कोटिंगवरही ओरखडा काढू शकते. नव्या गाडीला ओरखडा पडला की ‘दृष्ट लागली’ म्हणून बंपरला लिंबू-मिरची बांधणाऱ्यांनाही माझं कळकळीचं सांगणं आहे की ही धूळ पाहा. सोसायट्यांमध्ये रोज सकाळी कोरड्या किंवा बादलीभर गढूळ पाण्यात पिळलेल्या फडक्याने गाड्या पुसल्या जातात. कण फडक्यात अडकतो आणि गाडीभर फिरतो. आधी नळीच्या पाण्याने धूळ वाहू द्या, मगच शॅम्पू आणि मायक्रोफायबर. पुसणाऱ्या माणसाला स्वच्छ पाणी आणि स्वच्छ कापड देणं हे गाडीमालकाचं काम आहे.

आपोआप भरून येणारे रंगही आहेत. निस्सानने २००५ मध्ये निप्पॉन पेंटच्या साथीने लवचीक रेझिन असलेला असा क्लिअर कोट जाहीर केला. २००९ मध्ये अमेरिकेतल्या सदर्न मिसिसिपी विद्यापीठातल्या बिस्वजित घोष आणि मारेक अर्बन यांनी, कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारं कायटोसान वापरून, अतिनील प्रकाशात ओरखडा सांधणारं पॉलियुरेथेन बनवलं. लवचीक क्लिअर कोटमध्ये मात्र नुसता दबलेला भागच वर येतो. खरवडून निघून गेलेलं द्रव्य परत येणार कुठून?

ओरखडा बेस कोट फाडून गेला असेल तर रंग भरण्याला पर्याय नाही. त्यात मेटॅलिक रंग सगळ्यांत अवघड. त्यातले ॲल्युमिनियमचे चपटे कण फवाऱ्याने मारताना बरेचसे पृष्ठभागाला समांतर निजतात, ब्रशने लावताना कसेही वळतात. त्यामुळे रंगाचा तोच कोड, तोच डबा वापरूनही टचअपचा ठिपका एका बाजूने फिकट, दुसऱ्या बाजूने गडद दिसतो. चांगला पेंटर यासाठीच अख्खं पॅनेल रंगवायला सांगतो, ते पैसे काढण्यासाठी असतंच असं नाही. पत्रा उघडा पडला असेल तर मात्र रंग जुळण्याची वाट पाहू नका. मुंबई, कोकण, गोव्याच्या खाऱ्या हवेत तो लवकर गंजतो आणि गंज शेजारच्या चांगल्या रंगाखालीही सरकत जातो. तूर्त साधा प्रायमर लावला तरी चालेल, पण पावसाळ्याआधी लावा.