मानगुटीवरचा महिन्याचा थेंब

अमेरिकेच्या दक्षिण भागात, विशेषतः टेक्सासपासून फ्लोरिडापर्यंत पसरलेल्या आखाती किनारपट्टीवर, मांजराला पहिल्यांदा पशुवैद्याकडे नेले की लसींच्या वेळापत्रकाबरोबरच हार्टवर्मच्या मासिक औषधाचा विषय निघतो. ह्यूस्टनला किंवा अटलांटाला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो ऐकून बहुधा आश्चर्य वाटते, कारण पुण्यामुंबईकडे मांजराला जंताचे औषध देतात, पिसवांचे औषध देतात, पण हृदयातल्या कृमीसाठी दरमहा औषध द्यायचे ही गोष्ट सहसा कानावर आलेली नसते. त्यातून मांजर घराबाहेर पाऊलही टाकत नसेल तर हा खर्च कशासाठी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर या कृमीच्या जीवनक्रमात दडलेले आहे.

या कृमीचे शास्त्रीय नाव डायरोफिलेरिया इमिटिस. लॅटिन भाषेत ‘इमिटिस’ म्हणजे निर्दय, आणि पहिल्या शब्दाचा अर्थ साधारणपणे ‘भयंकर धागा’ असा होतो. शिजलेल्या शेवईसारखा पांढरा, लांबलचक असा हा कृमी आपल्याकडच्या हत्तीरोगाच्या कृमीचा नातेवाईक आहे आणि त्याच्याप्रमाणेच डासांवाचून याचेही चालत नाही. त्याचा खरा यजमान कुत्रा. कोल्ह्याच्या कुळातले कायोटीसारखे रानटी प्राणीही त्याला मानवतात. कुत्र्याच्या शरीरात मादी २५ ते ३० सेंटीमीटरपर्यंत वाढते, पाच ते सात वर्षे जगते आणि रक्तात असंख्य सूक्ष्म अळ्या सोडत राहते. मांजरात हा कृमी आढळल्याची पहिली नोंद १९२१ मध्ये ब्राझीलमध्ये झाली, पण त्यानंतरही कित्येक दशके हा कुत्र्यांचाच आजार मानला गेला आणि मांजराच्या वाट्याला दुर्लक्ष आले.

बाधित कुत्र्याला चावलेल्या डासाच्या पोटात त्या सूक्ष्म अळ्या जातात. हवा उबदार असेल, म्हणजे सुमारे २७ अंश सेल्सिअस, तर दहा ते चौदा दिवसांत त्या दोनदा कात टाकून तिसऱ्या अवस्थेला पोहोचतात. तापमान १४ अंशांच्या खाली गेले की ही वाढ थांबते, आणि म्हणूनच हा आजार उष्ण, दमट प्रदेशांत अधिक फोफावतो. तिसऱ्या अवस्थेतली अळी जेमतेम एक मिलिमीटर लांबीची असते आणि ती डासाच्या तोंडाशी येऊन थांबते. पुढे जे घडते ते फार कमी लोकांना ठाऊक असते. डास इंजेक्शन दिल्यासारखी अळी रक्तात टोचत नाही. तो चावत असताना त्याच्या सोंडेचे बाहेरचे आवरण त्वचेवर दुमडले जाते, अळ्या ते फोडून बाहेर येतात आणि डासाच्याच शरीरद्रवाच्या एका इवल्या थेंबात त्वचेवर उतरतात. डास सोंड काढून उडाला की मागे राहिलेल्या छिद्रातून त्या आत शिरतात. एवढ्या वेळात मांजराने फार तर एकदा कान हलवलेला असतो.

आत शिरलेली अळी लगेच रक्तात जात नाही. ती आधी त्वचेखालच्या ऊतींत राहते, काही दिवसांत पुन्हा कात टाकून चौथ्या अवस्थेत जाते, आणि साधारण ५० ते ७० दिवसांच्या दरम्यान शेवटची कात टाकून कोवळ्या कृमीचे रूप घेते. त्यानंतर तो कृमी रक्तप्रवाहातून फुप्फुसाच्या रोहिण्यांकडे निघतो आणि संसर्गापासून सुमारे तीन महिन्यांच्या आत तिथे पोहोचतो. या दिवसांचा हिशेब लक्षात ठेवावा, कारण औषधाचे सगळे गणित त्यावरच उभे आहे.

मांजर हा या कृमीचा सोयीचा यजमान नाही, आणि मांजराच्या आजाराचे वेगळेपण नेमके इथे सुरू होते. कुत्र्यात कृमी डझनांनी सापडतात, तर बाधित मांजरात बहुधा एक, दोन किंवा तीनच असतात, त्यांची लांबीही कमी भरते आणि आयुष्य दोन ते चार वर्षांचे असते. बरेचसे कृमी तर पूर्ण वाढायच्या आतच मरतात. हे ऐकून मांजर नशीबवान वाटेल, पण प्रत्यक्षात फुप्फुसाची हानी या मरणाऱ्या कोवळ्या कृमींमुळेच होते. मांजराच्या फुप्फुसातील सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला विशेष भक्षक पेशी असतात, ज्या कुत्र्यात नसतात. रक्तातून आलेल्या परक्या गोष्टी टिपणे हे त्यांचे काम. कोवळे कृमी येऊन थडकताच या पेशी खवळतात, श्वासनलिकांच्या बारीक शाखांना आणि रोहिण्यांना सूज येते, आणि मांजराला खोकला व धाप लागते. जे कृमी यातूनही तग धरतात ते या पेशींचा जोर दाबून ठेवतात, त्यामुळे मधला काळ शांत जाऊ शकतो. मात्र पुढे तो प्रौढ कृमी मेला की दाब सुटतो, मृत कृमीचे तुकडे फुप्फुसात अडकतात, आणि सकाळपर्यंत ठणठणीत असलेले मांजर संध्याकाळी दगावल्याची उदाहरणे आहेत. त्यासाठी एक कृमीही पुरतो. खरे तर ‘हार्टवर्म’ हे नाव मांजरापुरते दिशाभूल करणारे आहे, कारण तिथे हा आजार हृदयाचा कमी आणि फुप्फुसाचा जास्त आहे.

अमेरिकेतील अलाबामा राज्यातल्या ऑबर्न विद्यापीठातील संशोधनाने हे चित्र स्पष्ट केले. कृमी प्रौढ झालेच नाहीत, तरीही फुप्फुसाची झीज होते आणि ती पुढे बराच काळ राहते, हे त्यातून दिसून आले. म्हणजे प्रौढ कृमी सापडले नाहीत म्हणून मांजर सुटले असे म्हणता येत नाही.

निदानाची वाटही सरळ नाही. नेहमीची प्रतिजन चाचणी प्रौढ मादी कृमीने रक्तात सोडलेली प्रथिने शोधते. मांजरात एकच नर कृमी असला किंवा सगळेच कोवळे असले तर ती चाचणी नकारात्मक येते. प्रतिपिंड चाचणी अळ्यांशी गाठ पडली होती एवढेच सांगते, आता कृमी आहे की नाही हे सांगत नाही. क्ष-किरण चित्र दम्यासारखे दिसते आणि पुष्कळदा दमा म्हणूनच उपचार होतात. कधी जेवणाशी संबंध नसलेल्या उलट्या एवढेच लक्षण असते. अनुभवी हातांनी केलेल्या सोनोग्राफीत मात्र कृमी दिसून जातो, तो पडद्यावर जवळजवळ असलेल्या दोन चकचकीत समांतर रेघांच्या रूपात, बरोबरच्या चिन्हासारखा.

आणि निदान झाले तरी पुढे काय? कुत्र्यातले प्रौढ कृमी मारण्यासाठी वापरले जाणारे मेलार्सोमीन हे आर्सेनिकयुक्त इंजेक्शन मांजरासाठी विषारी ठरते, शिवाय कृमी एकदम मेल्याने होणारा धोका आहेच. त्यामुळे मांजराला प्रेडनिसोलोनसारखे स्टेरॉइड देऊन सूज आटोक्यात ठेवायची, वारंवार तपासायचे आणि कृमीचे आयुष्य संपण्याची वाट पाहायची, एवढेच हातात उरते. काही मांजरे आपणहून बरी होतात, हे खरे आहे. पण कोणते मांजर बरे होईल हे आधी सांगता येत नाही. म्हणून मांजराच्या बाबतीत प्रतिबंध हाच खरा उपचार आहे असे मला ठामपणे वाटते.

आता औषधाकडे वळू. दर महिन्याला दिले जाते म्हणून ते महिनाभर ढालीसारखे डासाला किंवा अळीला अडवते असा समज आहे. प्रत्यक्षात यातली बहुतेक औषधे मागे वळून काम करतात. आज दिलेली मात्रा गेल्या सुमारे तीस दिवसांत शरीरात शिरलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या अवस्थेतल्या अळ्या मारते. त्या तेव्हा त्वचेखाली असतात, फुप्फुसापर्यंत पोहोचलेल्या नसतात. कोवळ्या कृमीचे रूप घेतल्यावर मात्र त्या औषधाला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. मघाचा हिशेब इथे लावून पाहावा. पन्नासाव्या दिवसापासून अळी हाताबाहेर जाऊ लागते, आणि दोन मात्रांमध्ये तीस दिवसांचे अंतर ठेवले तर कोणतीही अळी त्या वयाला पोहोचत नाही. एक महिना चुकला की हे अंतर साठ दिवसांचे होते, आणि जी काही सवलत निसर्गाने दिली होती ती तिथेच संपते.

यातल्या बहुतेक औषधांचे मूळ जपानच्या मातीत आहे. सातोशी ओमुरा यांनी शिझुओका प्रांतातील कावाना येथील एका गोल्फ मैदानाजवळून घेतलेल्या मातीच्या नमुन्यात एक जिवाणू सापडला, अमेरिकेत विल्यम कॅम्पबेल यांनी त्यातील द्रव्याची कृमिनाशक ताकद ओळखली, आणि त्यातूनच आयव्हरमेक्टिन तयार झाले. या कामासाठी दोघांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध कृमीच्या चेतापेशींतील क्लोराइडची विशिष्ट दारे उघडी ठेवते, त्यामुळे कृमी लुळा पडतो. सस्तन प्राण्यांत तशी दारे नसतात आणि मेंदूभोवतीचा अडसर औषधाला आत येऊ देत नाही, म्हणून योग्य मात्रेत ते मांजराला सोसते. विदर्भातल्या वाचकांना हे नाव परके वाटू नये. नागपूर जिल्ह्यात हत्तीरोग निर्मूलनासाठी ज्या तीन औषधांची एकत्रित मात्रा दिली गेली, त्यातले एक हेच.

मांजरासाठी आयव्हरमेक्टिन आणि मिल्बेमायसिन तोंडावाटे देतात, तर सेलामेक्टिन, मॉक्सिडेक्टिन आणि एप्रिनोमेक्टिन असलेली औषधे त्वचेवर थेंब सोडून देतात. गोळी पाहताच सोफ्याखाली पळणारी मांजरे बघता थेंबांचाच मार्ग बहुतेकांना सोपा पडतो. त्यातही एक कौशल्य आहे. मांजराला मांडीवर किंवा टेबलावर शांत बसवावे, डोक्याच्या मागे, जिथे त्याची जीभ पोहोचत नाही तिथे मानगुटीवरचे केस दोन बोटांनी फाकवावेत, खालची गुलाबीसर कातडी दिसेपर्यंत. नळीचे टोक कातडीला टेकवून औषध एकाच दाबात सोडावे. थेंब केसांवर पडला तर तो केसांतच वाळतो आणि मांजराच्या अंगात जात नाही. नंतर तासभर त्या जागेचे केस ओलसर, टोकदार झालेले दिसतात. ते वाळेपर्यंत घरात दुसरे मांजर असेल तर दोघांना वेगळे ठेवावे, कारण एकमेकांना चाटण्याची त्यांची सवय सुटत नाही. चाटलेच तर तोंडाला फेस येतो आणि मात्राही वाया जाते.

एक इशारा इथेच देणे मला अत्यावश्यक वाटते. कुत्र्यासाठी आणलेले औषध मांजराला कधीही लावू नये, अर्धे करूनही नाही. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवरच्या अनेक थेंबांत पर्मेथ्रिन असते. मांजराचे यकृत ते निकामी करू शकत नाही, त्याला आचके येतात आणि ते दगावू शकते. हार्टवर्मच्या औषधाची मात्राही दोघांत सारखी नाही. आयव्हरमेक्टिन कुत्र्याला दर किलो वजनामागे ६ मायक्रोग्रॅम पुरते, मांजराला २४ मायक्रोग्रॅम लागते. त्यामुळे अंदाजाने केलेली वाटणी कधी विषारी ठरते, तर कधी निरुपयोगी.

राहिला घरातच राहणाऱ्या मांजराचा प्रश्न. नॉर्थ कॅरोलायनामध्ये हार्टवर्मचे निदान झालेल्या मांजरांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यातली सुमारे चौथा हिस्सा मांजरे कधीही घराबाहेर न जाणारी होती. दार उघडताना, जाळीच्या फटीतून, कुंड्यांतल्या पाण्यावर वाढून डास घरात येतो, आणि शेजारच्या अंगणात एखादा बाधित कुत्रा असला की साखळी पूर्ण होते. मांजराच्या रक्तात सूक्ष्म अळ्या क्वचितच असतात, म्हणून मांजर सहसा दुसऱ्याला हा आजार देत नाही. ते कुत्र्यांच्या साथीची झळ तेवढी सोसते.

अमेरिकन हार्टवर्म सोसायटी ही संस्था वर्षाचे बाराही महिने औषध द्यायला सांगते. पिल्लाला साधारण आठ आठवड्यांच्या वयापासून ते सुरू करता येते. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात औषधाला न जुमानणारे कृमी कुत्र्यांत सापडले आहेत, ही काळजीची बाब आहे. एखादी मात्रा विसरली तर आठवताक्षणी द्यावी, तारीख नव्याने मोजावी आणि पशुवैद्याला तसे सांगावे. आधीच बाधित झालेल्या मांजरालाही हे औषध बंद करत नाहीत, कारण नव्या अळ्यांची भर पडू न देणे त्याच्या फुप्फुसांसाठी महत्त्वाचे असते.

भारतात डायरोफिलेरिया इमिटिस प्रामुख्याने ईशान्येकडच्या राज्यांतील कुत्र्यांत नोंदला गेला आहे, तर केरळसह इतरत्र त्याचा भाऊबंद, त्वचेखाली राहणारा डायरोफिलेरिया रेपेन्स अधिक आढळतो. त्यामुळे महाराष्ट्रातल्या मांजराला ह्यूस्टनचे वेळापत्रक जसेच्या तसे लावण्याचे कारण नाही, तो निर्णय स्थानिक पशुवैद्याशी बोलून घ्यावा. पण मांजराला घेऊन पुण्याहून टेक्सासला निघालेल्या कुटुंबाने तिथे पोहोचल्यापासून तीस दिवसांच्या आत पहिला थेंब पडेल असे बघावे, कारण त्या अंगणातला पहिला डास त्याहून बराच आधी भेटलेला असतो.