अल्योना सावचेन्को (जोडीच्या स्केटिंगमधलं करिअर)

अल्योना सावचेन्को (जन्म १९ जानेवारी १९८४, ओबुखिव, युक्रेन) ही जोडीने फिगर स्केटिंग करणारी खेळाडू. पाच ऑलिंपिक, त्यात तीन वेगवेगळे जोडीदार, आधी युक्रेन मग जर्मनी असे दोन देश, आणि सहा वर्ल्ड टायटल. या खेळात एकट्याचं असं काही नसतंच. जोडीदार थांबला की प्रोग्रॅम, टायमिंग, एकमेकांच्या हाताचा अंदाज सगळं गेलं, परत पहिल्यापासून सुरू. ते हिने दोनदा केलं.

करिअरकडे जाण्याआधी हा खेळ नेमका काय ते सांगायला हवं, कारण आपल्या कोकणात बर्फ म्हणजे मिरकरवाड्याच्या जेटीवर लादी फोडून मासळीवर टाकतात तो, आणि त्याचा चुरा पायाखाली आला तरी चप्पल सटकते. तिकडे साधारण ६० बाय ३० मीटरची बर्फाची रिंक आणि बुटाखाली पोलादी पातं. त्यातला डेथ स्पायरल हा प्रकार मात्र गौरी-गणपतीत फुगडी घातलेल्या बाईला समजवायला नको. फुगडीत दोघी हात आवळून मागे झुकतात, पाय मध्ये जवळजवळ, आणि जितका वेग वाढेल तितकी ओढ वाढते, हात सुटला तर दोघी दोन दिशांना. इथे फरक एवढाच की पुरुष मध्ये खुंटासारखा रोवून बसतो आणि एकाच हाताने धरलेली बाई एका पायावर त्याच्याभोवती फिरते, अंग आडवं, डोकं बर्फाला घासेल की काय असं. थ्रोमध्ये तो तिला फेकतो आणि हवेतल्या तीन गिरक्या संपवून ती एकटीच एका पायावर उतरते. ट्विस्टमध्ये वर उडवतो, ती हवेत फिरते, खाली येताना कमरेला धरून झेलायचं. दहीहंडीत निदान खाली झेलायला चार माणसं असतात, इथे एकच आणि तोही घसरत्या पायावर!

सावचेन्को २००० साली स्टानिस्लाव मोरोझोवबरोबर ज्युनिअर वर्ल्ड चॅम्पियन झाली, २००२ चं ऑलिंपिक पण त्याच्याबरोबर युक्रेनकडून खेळली. नंतर ती जोडी संपली. २००३ मध्ये ती जर्मनीत केमनिट्झला गेली, तिथे रॉबिन शोल्कोवी हा नवा पार्टनर आणि इंगो श्टॉयर हे कोच. २००८, २००९, २०११, २०१२ आणि २०१४ अशी पाच वर्ल्ड टायटल या जोडीची. ऑलिंपिकमध्ये मात्र २०१० ला ब्राँझ, २०१४ ला परत ब्राँझ. स्पर्धेत दोन भाग असतात, आधी छोटा शॉर्ट प्रोग्रॅम आणि मग लांबचा फ्री प्रोग्रॅम, दोन्हीचे पॉइंट मिळून निकाल. २०१४ ला सोचीत फ्री प्रोग्रॅमच्या अगदी शेवटी थ्रो ट्रिपल ॲक्सेल लावला होता, म्हणजे अतिशय अवघड थ्रो पाय दमलेले असताना, आणि ती पडली. सोपं काहीतरी करून संपवता आलं असतं, पण या बाईला सोपं करायचंच नसायचं असं दिसतं.

शोल्कोवी थांबला. ती तिशीची, बहुतेकजण इथे बूट खुंटीला टांगतात. तिने फ्रान्सचा ब्रुनो मासो धरला, आणि मग कागदपत्रांचं लफडं. खेळाडूने देश बदलायचा तर जुन्या फेडरेशनने सोडावं लागतं, त्यात २०१४-१५ चा अख्खा सीझन स्पर्धेविना गेला. ऑलिंपिकसाठी तर दोघांनाही त्याच देशाचं नागरिकत्व लागतं, म्हणून मासोला जर्मन भाषेची परीक्षा द्यावी लागली, ती पहिल्या झटक्यात सुटली नाही, आणि नागरिकत्व मिळालं ते २०१७ च्या शेवटी, म्हणजे ऑलिंपिक अगदी तोंडावर असताना. तोवर वर्ल्डमध्ये २०१६ ला ब्राँझ आणि २०१७ ला सिल्व्हर घेऊन झालं होतं.

फेब्रुवारी २०१८, दक्षिण कोरिया. शॉर्ट प्रोग्रॅममध्ये मासोची ट्रिपल म्हणजे तीन गिरक्यांची उडी डबलच झाली, ७६.५९ पॉइंट, चौथा नंबर, पहिल्या जोडीपेक्षा जवळजवळ सहा पॉइंट मागे. दुसऱ्या दिवशी फ्री, तेव्हा तो साडेचार मिनिटांचा असायचा (पुढच्या सीझनपासून चार मिनिटांचा केला), आणि त्यात एक चूक काढून दाखवा. १५९.३१, तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड. पण यांच्यानंतर अजून तीन जोड्या होत्या, त्यामुळे बसून वाट बघणं आलं. चीनच्या स्वी वनजिंग आणि हान त्सोंग यांचे एकूण २३५.४७ झाले, यांचे २३५.९०. फरक ०.४३ पॉइंटचा! ३४ व्या वर्षी, पाचव्या ऑलिंपिकमध्ये तिचं पहिलं गोल्ड.

महिन्याभराने मिलानला वर्ल्ड झाली, तिथे फ्रीमध्ये १६२.८६ घेऊन स्वतःचाच रेकॉर्ड मोडला आणि सहावं टायटल घेतलं. मासोचं ते पहिलंच. त्यानंतर ही जोडी स्पर्धेत उतरली नाही.