अर्थशास्त्रात एम.ए. म्हणजे फक्त मास्तरकी?

‘अर्थशास्त्रात एम.ए. करून काय? मास्तरकी, नाहीतर बँकेत कारकुनी’, हे पालक वर्षानुवर्षं ऐकवत आलेत. ते खरं नाही. पुण्याची गोखले संस्थाच बघा, अर्थशास्त्र शिकवणारी आणि त्यात संशोधन करणारी. तिथले धनंजयराव गाडगीळ प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष, पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. तिथल्याच वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्यरेषा माणसाच्या ताटावरून काढली: रोज २,२५० कॅलरी पोटात जायच्या, तर महिन्याचा खर्च किती? १९६०-६१च्या भावाने खेड्यात माणशी १५ रुपये, शहरात २२.५० रुपये. त्यावर देशभर वाद झडले आणि ते झडायलाच हवे होते. आजही केंद्र सरकारच्या भारतीय आर्थिक सेवेच्या परीक्षेला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवीच लागते. नुसत्या इंजिनिअरिंगच्या पदवीवर तिथे बसता येत नाही.