कोल्हापुरीचे मानांकन: मालक कोण, वापरकर्ता कोण?

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावण्याचा कायदेशीर हक्क) मिळाले ते आठ जिल्ह्यांसाठी: आपल्याकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, विजापूर, बागलकोट, धारवाड. नाव आमचे, मग वाटा त्यांना कशाला, अशी नाराजी तेव्हा कोल्हापुरात होती. पण कर्नाटकातल्या अथणी, निपाणी, मदभावीकडे घराघरांत शिवलेले जोड कोल्हापूरच्या पेठेत वर्षानुवर्षे विकले जात होते. नाव पेठेचे लागले, एवढेच. राज्यांची सीमा १९५६ ची, धंदा तिच्याहून जुना.

खरा गुंता कायद्यातल्या दोन शब्दांत आहे. मानांकनाचे ‘नोंदणीकृत मालक’ म्हणजे दोन्ही राज्यांची चर्मोद्योग महामंडळे. चप्पल शिवणारा मालक नाही. त्याने ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून वेगळी नोंदणी करायची. ती नसेल तर पिढीजात कारागीरही आपल्या जोडावर हे चिन्ह लावू शकत नाही. २०२० च्या नियमबदलानंतर या अर्जाचे शुल्क ५०० वरून १० रुपयांवर आले. तरी अडचण पैशांची कमी, कागदांची जास्त: व्यापाऱ्याकडून उचल घेऊन जोडामागे मजुरीवर शिवणाऱ्याकडे स्वतःच्या नावाचे बिल कुठून असणार? म्हणजे मानांकन मिळाले, आणि ज्याच्यासाठी ते मागितले तोच बाहेर राहिला.

चिन्हाची गरज का, हे माल पाहिल्यावर कळते. अस्सल कोल्हापुरीचे कातडे चुन्यात भिजवून केस काढतात, मग बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावतात. याला काही आठवडे लागतात. घाई केली तर कापलेल्या कडेत मधोमध फिकट रेघ दिसते. तिथपर्यंत रस पोचलेलाच नसतो. असा तळ पावसात फुगतो, वास मारतो, वाळला की लाकडासारखा कडक होतो. क्रोमच्या रसायनाने कमावलेले कातडे लवकर तयार होते, पण त्याची कड निळसर-करडी असते आणि त्यावर ठशाची नक्षी नीट बसत नाही. अस्सल जोडाला खिळा नसतो. तळ, टाच आणि कान (बाजूच्या पट्ट्या) चामड्याच्याच वादीने शिवतात. दुकानात मात्र रेक्झिनचा जोडही ‘कोल्हापुरी’ म्हणूनच विकला जातो, आणि भाव पडतो तो हातशिलाईचा.

वेणी विणणे आणि बरीचशी शिलाई बायकांकडे असते, तरी हिशेब पुरुषाच्या नावावर. अथणीत नव्वदच्या दशकाच्या अखेरीस महिलांचे बचत गट बांधून थेट निर्यातीचा प्रयत्न झाला. उचलीला पर्याय उभा केल्याशिवाय प्रशिक्षणाचा उपयोग नाही, हे त्या कामात ओळखले गेले होते. महाराष्ट्रात २०१५ च्या कायद्याने बैलाच्या कत्तलीवर बंदी आली आणि धंद्याची भिस्त आणखीच म्हशीच्या कातड्यावर आली.

जून २०२५ मध्ये इटलीतल्या एका फॅशन कंपनीने मिलानमध्ये तशाच चपला दाखवल्या, त्याही मूळ न सांगता. टीका झाल्यावर तिने प्रेरणा मान्य केली. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली, ती जुलैत फेटाळली गेली: हक्क बजावायचा तर नोंदणीकृत मालकांनी स्वतः यावे. पुन्हा तोच शब्द. डिसेंबरमध्ये त्या कंपनीचा करारही दोन्ही महामंडळांशीच झाला.