पानओव्याचं मलम आणि न भरणारी जखम

मधुमेह जुना झाला की पायाची संवेदना जाऊ लागते. चपलेतला खडा टोचतो, पण कळत नाही. कळतं तोवर तळव्याला जखम झालेली असते, आणि ती महिनोन् महिने भरतच नाही.

जखम झाली की मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी धावून येतात. जंतू आणि मेलेलं मांस खाऊन टाकतात. साफसफाई आटोपली की त्यांनी रूप पालटून नवं मांस, नव्या रक्तवाहिन्या उभारायला हातभार लावायचा असतो. मधुमेहात त्या पहिल्याच रूपात अडकून राहतात. भिंती पाडणारे मजूर हटत नाहीत आणि गवंडी दाराशी ताटकळतात, तशी गत.

चिनी वैद्यांना पेशी दिसल्या नव्हत्या, पण क्रम ठाऊक होता: आधी कुजलेलं काढा, मग मांस वाढवा. मिंग काळातले शस्त्रवैद्य चेन शिगोंग यांच्या १६१७च्या ग्रंथात यासाठी एक लाल मलम आहे. तिळाचं तेल, मेण, ज्येष्ठमध आणि लाल रंगासाठी आपल्या रतनजोतीच्या कुळातलं एक मूळ. तेला-मेणाचा थर जखम सुकू देत नाही. ओलसर जखमेवर त्वचा लवकर चढते, हे जॉर्ज विंटर यांनी डुकरांवरच्या प्रयोगांतून दाखवलं ते १९६२मध्ये! पण त्याच मलमात पाऱ्याचा क्षारही पडायचा. उघड्या जखमेतून पारा अंगात भिनतो आणि मूत्रपिंडं बिघडवतो. ‘जुनं ते सोनं’ म्हणणारे हा घटक सहसा सांगत नाहीत.

तैवानमध्ये २०२१ साली मधुमेही पायाच्या जखमांसाठी मंजूर झालेलं ‘ओएन१०१’ हे मलम याच मुलखातलं, पण पाऱ्याविना. त्यात दोनच वनस्पतींचे अर्क आहेत. एक पानओवा, ज्याची आपण भजी तळतो. तैवानात तो घरगुती औषध आहे. दुसरी मंडूकपर्णी, जिला आपल्याकडे बरेच जण ब्राह्मीच म्हणतात. चिनी वैद्यकात ती जुनीच. अडकलेल्या मॅक्रोफेजना पुढच्या रूपाकडे वळवणं, हे या मलमाचं काम असल्याचं संशोधक सांगतात.

चीन, तैवान आणि अमेरिकेत मिळून २३६ रुग्णांवर चाचणी झाली. १६ आठवड्यांत मलमाच्या गटात ६०.७ टक्के जखमा पूर्ण भरल्या, नेहमीच्या शोषक ड्रेसिंगच्या गटात ३५.१ टक्के. फरक लहान नाही. मात्र आपल्याला काय लावलंय हे रुग्णांना माहीत होतं. जखम भरली की नाही हे ठरवणाऱ्यांपासून तेवढं ते लपवलं होतं. शिवाय गँगरीन झालेले पाय यात नव्हतेच, आणि जखमेवरचा भार कमी करणं वगैरे नेहमीचे उपचार दोन्ही गटांना चालू होते.

हे वाचून कुणी कुंडीतलं पान वाटून जखमेवर लावू नये. मलमात मोजून घातलेला अर्क असतो. वाटलेल्या पानाबरोबर कुंडीतल्या मातीचे जंतूही जखमेत जातात. आणि मोजून घातलेला अर्क लावूनही, त्या चाचणीत दहातल्या जवळपास चार जखमा सोळा आठवड्यांनी उघड्याच होत्या.