लिनियर बंद केला तरी लगेच हात घालू नका
(व्हॉल्व्हचा पॉवर अँप्लिफायर, म्हणजेच लिनियर, वापरणाऱ्या हॅम म्हणजे हौशी रेडिओवाल्या ग्राहकांसाठी)

आपण आमच्याकडून लिनियर घेतला असेल किंवा दुरुस्त करून नेला असेल, तर हा कागद रेडिओच्या टेबलाजवळच ठेवावा ही विनंती.

सर्वांत आधी हाय व्होल्टेज. ३-५००झेडसारख्या व्हॉल्व्हच्या प्लेटवर अडीच-तीन हजार व्होल्ट असतात. प्लग काढला तरी फिल्टर कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज उरतो. तो उतरवायला ब्लीडर रेझिस्टर असतात, पण त्यातला एखादा ओपन झाला, म्हणजे आतून तुटला, तर बाहेरून काहीच कळत नाही. म्हणून झाकण उघडायचेच असेल तर प्लग काढून किमान दहा मिनिटे थांबा आणि हाय व्होल्टेज मीटरचा काटा शून्यावर आल्याची खात्री करा. त्यावरही विसंबू नका. लांब इन्सुलेटेड दांड्याची, चासीला (सेटच्या धातूच्या सांगाड्याला) जोडलेली डिस्चार्ज स्टिक हाय व्होल्टेजच्या तारेला लावा, मगच आत हात घाला. अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवा. घरात कोणी नसताना हे काम नकोच. झाकण उघडताच वीज तोडणारा इंटरलॉक स्विच चिकटपट्टीने दाबून ठेवलेले सेट आमच्याकडे येतात; कृपया तसे कधीही करू नका.

ट्यूनिंग डमी लोडवर (अँटेनाऐवजी जोडायच्या रेझिस्टरवर), कमी ड्राइव्हने म्हणजे रेडिओकडून कमी पॉवर देऊन सुरू करा. कॅरियर (सलग सिग्नल) एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका, मध्ये व्हॉल्व्हला उसंत द्या. नजर ग्रिड करंटवर (व्हॉल्व्हमधल्या ग्रिडच्या जाळीतून वाहणाऱ्या करंटवर) हवी, कारण व्हॉल्व्ह बहुधा तिथूनच जातात. एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत येते याचे माप) २ च्या वर असेल तर आधी अँटेना दुरुस्त करा. परवान्यातली वॉटची मर्यादा अर्थातच पाळायची.

अर्थिंगकडे नाशिकमध्ये विशेष लक्ष हवे. इथे बऱ्याच ठिकाणी मुरमाखाली लगेच काळा खडक लागतो, अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही, आणि एप्रिल-मेमध्ये तो कोरडा पडला की अर्थिंग नावापुरते उरते. उन्हाळ्यात त्यात नियमित पाणी घाला. वळवाचे ढग दिसायच्या आधीच कोॲक्स (अँटेनाची केबल) सेटपासून काढून घराबाहेर ठेवा.

हाय व्होल्टेज धूळ ओढून घेते, आणि पावसाळी दमटपणात त्याच धुळीवरून ठिणगी उडते. पंख्याची जाळी दर महिन्याला साफ करा. काम संपल्यावर पंखा काही मिनिटे चालू राहू द्या.

सेट दुरुस्तीला आणताना व्हॉल्व्ह काढून, थर्माकोलमध्ये उभे ठेवून वेगळे आणा. फ्यूज उडाला असेल तर मोठा फ्यूज टाकून पुन्हा चालू करून पाहू नका. आहे तसाच घेऊन या.