संडे स्कूलवर सगळं सोडायचं नसतं

"पोरांना विश्वासात वाढवणं हे संडे स्कूलचं, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या मुलांच्या वर्गाचं काम, आपण फक्त रविवारी चर्चला सोडायचं", असं आपल्या मुंबईत कितीतरी ख्रिस्ती घरांत अजून बोलतात, पण ते खरं नाहीये. 1780 मध्ये इंग्लंडात ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने संडे स्कूल काढलं ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब पोरांना वाचायला शिकवायला, आईबापांना सुट्टी द्यायला नाही. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात अध्याय 6, ओवी 7 उघडून बघा ना, घरी बसताना, वाटेने चालताना, झोपताना, उठताना देवाच्या आज्ञांबद्दल मुलांशी बोला असं सरळ लिहिलंय. म्हणजे डबा भरताना, लोकलमध्ये, आणि हो, पोरावर उगाच ओरडलो तर त्याची माफी मागताना पण! माझी आजी रोज जेवणाआधी मोठ्याने आभार मानायची, तेवढं ऐकूनच मी प्रार्थना करायला शिकले.